नागल्याच्या चिखलात बारा दिवस

तुझ्या मयतीच्या मिस्सेच्या वेळी फादरांनी तुझ्याबद्दल चार वाक्यं सांगितली. पाचूबंदरचा, मेहनती, शब्दाचा पक्का, देवभीरू. ऐकताना मला वाटलं, हा कोण बाई? देवभीरू म्हणे! रविवारी सकाळी भरती साधत असली तर मिस्सा सोडून शीड चढवणारा तू, आणि वर मलाच सुनवायचास, "देवानंच पानी धाडलंय, त्याला नको कसा म्हनू?" मी पहिल्या बाकावर रडता रडता हसले. तुझ्या मावसबहिणीने मला अशी कोपरखळी मारली की बरगडी अजून दुखतेय.

म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. आपल्या दोघांत लिहिता येणारी मी एकटी. तुला हे वाचून कोण दाखवणार हा प्रश्न आहे, पण जन्मभर मीच वाचत आले आणि तूच ऐकत आलास, तेव्हा आताही निमूट बस आणि ऐक. मला तुझी आठवण काढायची आहे, तुझ्याशी भांडायचं आहे, आणि दहा वर्षं तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगायची आहे. भुईगावची ती केळीची वाडी आपल्या हातून गेली, ती तुझ्या चुकीने गेली असं सगळं गाव म्हणालं आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. चूक तुझी नव्हती. मी खोटं बोलले होते.

आता पहिल्यापासून सांगते.

मी भुईगावच्या वाडीतली, तू पाचूबंदरचा कोळी. दोघं एकाच देवापुढे गुडघे टेकणारे, पण आमच्यात आणि तुमच्यात सोयरीक होत नाही हे काय मी तुला सांगायला हवं? तू बाबांची केळी मचव्यात भरून खाडीने वर न्यायचास. घड मोजून घेताना माझी पाटी-पेन्सिल आणि तुझी बोटं यांचा हिशेब कधी जुळायचा नाही, आणि चूक नेहमी माझी निघायची. एवढ्यावरच मी भुलले, दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही. लग्न फादरांनी लावून दिलं. त्यानंतर तुझी आई म्हणाली, हिला धड एक बोंबील साफ करता येत नाही. माझ्या बाबांनी दार लावून घेतलं. त्या दाराबाहेर मी पत्र्याची ट्रंक घेऊन उभी होते आणि तू पायातला काटा काढत म्हणालास, "घर नाय तर नाय. मचवा हाय."

बाईमाणूस मचव्यावर संसार मांडतं हे पाचूबंदरात कुणी ऐकलं नव्हतं. म्हातारे म्हणाले, मचवा बुडेल. बुडाला नाही. मीच आठ दिवस ओकत होते. तुझा चुलतभाऊ जुजे, आपला तिसरा गडी, त्या आठ दिवसांत एकदाही माझ्याकडे बघून हसला नाही, म्हणून मी त्याला भाऊ मानलं. तू मात्र हसलास. वाडीतली पोर पाणी शिंपायला बरी, पाण्यावर बसायला नाही, असं काहीसं म्हणालास. मी तुझ्या अंगावर तांब्या फेकला आणि तो खाडीत गेला. आपल्या संसारातली पहिली वस्तू बुडाली ती अशी.

पण नंतर माझे पाय तिथे बसले. मागच्या बाजूला चटईचं छप्पर, त्याखाली ट्रंक आणि गोधड्या, लाकडी खोक्यात माती थापून केलेली चूल, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली कोथिंबीर. मला वाटतं, उल्हास खाडीत हिरवी कोथिंबीर घेऊन फिरणारा मचवा आपलाच एक असेल. नायगावच्या मिठागरातून मीठ भरायचं, पुलाजवळ डोलकाठी उतरवायची, पुढे घोडबंदर, नागला, मग खाडी वळणं घेत घेत अरुंद होत जाणार, आणि भिवंडीला नाहीतर कल्याणला धक्क्याला लागायचं. येताना भात, कौलं, लाकूड, जे मिळेल ते. दर गावाला चार दिवस मुक्काम. भिवंडीच्या धक्क्यावरच्या बायका मला मिठाची बाय म्हणायच्या. कल्याणला एक शिंपीण होती, ती माझी चोळी बेतता बेतता गावभरच्या बातम्या सांगायची आणि मी तिला वसईच्या. कुठेच आमचं घर नव्हतं, त्यामुळे सगळीकडे आम्ही पाहुणे, आणि पाहुण्याला कुणी वाकडं विचारत नाही.

वाकडं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षं झाली, चार झाली, पाच झाली. जमिनीवर असते तर प्रत्येक बारशाला, प्रत्येक सणाला माझ्या पोटाकडे बघून बायका गप्प झाल्या असत्या. मचव्यावर पोटाकडे बघायला तू आणि जुजेभाऊ. जुजेभाऊ तोंड फिरवून मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर झोपायचा, आणि तू कधी विचारलं नाहीस. एकदाच, गायमुखाजवळ वारा पडला होता आणि आपण वाट बघत बसलो होतो, तेव्हा तू म्हणालास, "नाय तर नाय. तू हायस ना."  त्या एका वाक्यासाठी मी तुझं सगळं घोरणं माफ केलं, हे तेव्हा सांगायला हवं होतं.

आता पंचांगाचं. मोठ्या पाण्यावर सगळं अवलंबून, हे मला तूच शिकवलंस. अवस आणि पुनव झाली की दोन-तीन दिवस पाणी सगळ्यांत वर चढतं, ते उधाण. मग रोज थोडं थोडं उतरत जातं, आठमी-नवमीला अगदी रोडावतं, आणि पुन्हा चढू लागतं. तिथी कळली की पाण्याची वेळ कळली, पाण्याची उंचीही कळली. मी वसईच्या बाजारातून एक पंचांग आणलं. गळ्यात क्रूस घालून पंचांग विकत घेणारी बाई बघून दुकानदार दोनदा म्हणाला, हे कॅलेंडर नव्हे. मी म्हटलं, मला माहीत आहे, द्या. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की तू सुकाणूला टेकून विचारायचास, "आज कुठली, मास्तरीन?" आणि मी बोटाने ओळ धरून वाचायची, आज एकादशी, आज बारस, आज अमुक वाजेपर्यंत तेरस. तू डोळे मिटून ऐकायचास. मला वाटायचं, मी नसते तर हा माणूस मचवा कुठे नेऊन घातला असता. मला त्याचा केवढा गर्व होता सांगू? घरातून हाकललेली, मूल नसलेली, बोंबील साफ न करता येणारी मी, पण अख्खा मचवा माझ्या बोटाखालच्या ओळीवर चालत होता.

आणि मग तुझ्या डोक्यात ती वाडी शिरली.

आमच्या आळीपलीकडचे पेद्रूबाबा म्हातारपणी लेकाकडे मुंबईला निघाले होते. त्यांची वाडी तू केळी भरताना बघितली होतीस. मचवा विकायचा, वाडी घ्यायची, घर शाकारून राहायचं. तू मला हे कल्याणच्या धक्क्यावर सांगितलंस आणि मी मासळीचं वाटण वाटत होते, ते तसंच राहिलं. मला वाटलं, चेष्टा करतोयस. कोळ्याचा पोर केळीला पाणी घालणार? पण तू चेष्टा करत नव्हतास. तुझा थोरला भाऊ दर्यात गेला आणि परत आला नाही, म्हणून तू दर्या सोडून खाडी धरलीस, हे मला लग्नाच्या आधी कळलं होतं. खाडीतला तांडेल म्हणून पाचूबंदरचे लोक तुला चिडवायचे, तेही कळलं होतं. पण खाडीचंही तुला भय वाटतं, दर संध्याकाळी नांगर टाकल्यावर तुझे खांदे उतरतात, हे पाच वर्षं बघूनही मला दिसलं नव्हतं. तू त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंस, "माजा जीव थकला ग पान्यावर."

मी काय म्हणाले ते आठवतं तुला? मी म्हणाले, "मग मी काय करू? त्या आळीत जाऊन ज्या दाराने मला बाहेर काढलं त्याच दारासमोरून रोज पाणी आणू?" तू म्हणालास, बाबा आता म्हातारे झालेत, दार उघडतील. मी म्हणाले, त्या दारापेक्षा मला बायकांची तोंडं जास्त उघडलेली दिसतात. तू म्हणालास, बोलून बोलून थकतील. मी म्हणाले, तू कोळी आहेस, तुला काय कळणार वाडीतल्या बायका थकतात की नाही. तो वाद भिवंडीपर्यंत चालला, परत येताना घोडबंदरपर्यंत चालला, आणि संपला नाही. खरं म्हणजे तो अजूनही संपलेला नाही, फक्त आता मी एकटीच बोलतेय.

देश स्वतंत्र झाल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. पेद्रूबाबांनी निरोप दिला होता: येत्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर चार माणसांसमोर शब्द दे. त्या रविवारी आला नाहीस तर दुसरा माणूस तयार आहे. आपण भिवंडीहून खाली निघालो तेव्हा हातात पाच दिवस होते. नागल्याजवळ एका ठिकाणी लाकूड भरायचं होतं. मोळ्या काठाच्या बऱ्याच वर रचलेल्या, म्हणून मचवा पाणी भरलेलं असताना अगदी वर चिखलात चढवावा, दिवसभर भरावं, आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीला निघावं, असं तुझं ठरलं. अवस होऊन गेली होती. तू बोटं मोजलीस. पाडवा, दूज, मग तीज. तीज असली तर उद्याही एवढंच पाणी येणार. मी छपराखाली पंचांग उघडून बसले होते. तू वळून विचारलंस, "आज तीज ना ग, मास्तरीन?"

माझं बोट ओळीवर होतं. त्या पंधरवड्यात तीज नव्हतीच. कधी कधी एखादी तिथी गळते, क्षय होते. कालची दूज आणि आजची थेट चौथ, असं स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे पाणी आजपासूनच उतरायला लागलं. आज या पाण्याला जो मचवा इतका वर चढेल, तो उद्या हलणार नाही, परवा हलणार नाही, पुनवेचं मोठं पाणी येईपर्यंत तिथेच बसेल. एवढं सगळं मला एका क्षणात कळलं. रविवारही कळला. चर्चची पायरीही दिसली.

मी म्हणाले, "हो. तीज." आणि पंचांग मिटलं.

तेवढंच. मी काही रचून सांगितलं नाही, तू जे मोजलंस त्याला हो म्हणाले. पण देवासमोर त्याला खोटंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं आणि मचव्याच्या बुडाखाली नुसतं चुबुकचुबुक करून परत गेलं. तू आणि जुजेभाऊने सगळ्या मोळ्या उतरवून बघितल्या, वल्ही लावून ढकलून बघितलं. वीतभर पाणी कमी पडलं. तिसऱ्या दिवशी दीड वीत. जुजेभाऊ शिव्या घालत होता आणि तू कमरेएवढ्या चिखलात उभा राहून मचव्याला दोन्ही बाजूंनी बांबूचे टेकू देत होतास, ओहोटीला कलंडून फळ्या उसवू नयेत म्हणून. मी वरून बघत होते. मला लाज वाटली का? खरं सांगू, मला हायसं वाटलं.

मी तोंडदेखलं म्हणालेही, एखाद्या जाणाऱ्या होडीतून जुजेभाऊला पुढे पाठव, पेद्रूबाबांना म्हणावं थांबा. तू बांबू ठोकता ठोकता म्हणालास, "शबूद द्यायला मानूस सोता लागतो." मग तू स्वतः जा, असं मी म्हणाले नाही. तांडेल अडकलेला मचवा सोडून जात नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याच्याच भरवशावर होते.

त्या बारा दिवसांबद्दल तू आणि मी नंतर कधी बोललो नाही. आज बोलते. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते. कुठे जायचं नव्हतं, काही भरायचं नव्हतं. ओहोटीला तू तिवरांत जाऊन चिंबोऱ्या पकडायचास. डोंगरावरून एक वारलीण यायची, मीठ घेऊन रानभाजी द्यायची, आणि आपला मचवा जमिनीवर उभा बघून तोंडाला पदर लावून हसायची. एका दुपारी तू मला भावाबद्दल सगळं सांगितलंस, तो कसा पोहायचा, कसा गायचा, तू त्या दिवशी तापाने पडला होतास म्हणून त्याच्या होडीत तुझ्या जागी दुसरा गेला. एवढं बोललेलं मी तुला कधी ऐकलं नव्हतं. रविवार आला तेव्हा आपण तिघांनी मचव्यावरच रोझरी म्हटली. तू डोळे मिटून म्हणत होतास आणि माझ्या हातून मणी दोनदा सुटले.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मचवा आपसूक उचलला गेला. वसईला पोचलो तर पेद्रूबाबांनी शब्द दुसऱ्याला दिलेला होता. पाचूबंदर आणि भुईगाव, दोन्हीकडे हसू झालं. तांडेलाला तिथी मोजता येत नाही! तुझ्या आईनेही टाकून बोलून घेतलं. तू पागोटं नीट करत एवढंच म्हणालास, "व्हतं कधी कधी." मी तुझ्या शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दहा वर्षं आपण पाण्यावरच काढली. वाडीचं नाव तू परत काढलं नाहीस. काढलं असतंस तर मी या खेपेला नाही म्हटलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं की खोटं, कोण जाणे. बघता बघता भिवंडीचा माल ट्रकने जायला लागला, आपल्या खेपा कमी झाल्या, तुझे गुडघे धरू लागले. दर वर्षी उपवासकाळात मी पापकबुलीला बसायची. तिथे सगळं सांगायची, चिडले ते, नणंदेला बोलले ते. हे एक सांगितलं नाही. कारण सांगायचं तर त्याचं वाईट वाटायला हवं, आणि मला वाईट वाटत नव्हतं. वाडी गेली म्हणून मला माझी दहा वर्षं मिळाली होती. देवाला फसवून क्षमा मागण्यापेक्षा न मागितलेली बरी, असं मी ठरवलं.

यंदा पावसासाठी मचवा वर ओढला, पाचूबंदरच्या त्या भाड्याच्या खोलीत आलो, आणि आठव्या दिवशी तुला ताप भरला. शेवटच्या दुपारी तू शुद्धीवर होतास. मी सांगणार होते. तोंडाशी आलंही होतं. तू पाणी मागितलंस, मी पाणी आणायला उठले, आणि परत येईपर्यंत तुझा डोळा लागला होता. मग तू उठला नाहीस.

परवा जुजेभाऊ आला. नारळी पुनवेनंतर मचवा पाण्यात लोटायचा की विकायचा, हे विचारायला. मी म्हटलं, बस, चहा घे. बोलता बोलता नागल्याचा विषय निघाला. तो हसून म्हणाला, "वैनी, तुज्या त्या तीजेनं आमचं बारा दिस खाल्लं."

 मी विचारलं, माझ्या तीजेने म्हणजे?

"चौथ व्हती ना. तीज गळलेली. भिवंडीच्या धक्क्यावर धा जनांनी मला सांगितलेलं."

"मग त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगितला. नागल्याला काठाच्या दगडावर कालच्या पान्याची वल व्हती, चार बोटं वर. मी हात लावून दाखवली. म्हनलं, दादा, पानी पडाया लागलं, मचवा वर नको घेऊ, बसंल. त्यानं बी हात लावून बघितला. मंग तुज्याकडं बघत ऱ्हायला. तू पंचांग मिटून बसलेलीस." जुजेभाऊने चहाचा घोट घेतला. "मंग म्हनला, ती तीज म्हनते. तीज तर तीज. वढ."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि तुझ्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. इतका राग मला तुझा कधी आला नव्हता. तुला माहीत होतं! ओल्या दगडावर हात ठेवून पाणी कळणाऱ्या माणसाला पंचांग कशाला लागतं? म्हणजे तुला ते कधीच लागत नव्हतं. रोज सकाळी डोळे मिटून जे ऐकायचास ते तिथीसाठी नव्हतं, हे मला आता, तू गेल्यावर, दुसऱ्याच्या तोंडून कळावं? गावाने तुला हसावं, आईने बोलावं, आणि तू पागोटं सारखं करावंस? आणि मी दहा वर्षं चोरासारखी तुझ्या शेजारी झोपावं? तू वाट बघत होतास, मी सांगेन म्हणून. मी वाट बघत होते, तू विचारशील म्हणून. दोघांच्या अडेलपणात दहा वर्षं गेली. तू एकदा नुसतं म्हणाला असतास, मास्तरीन, नीट बघ, तीजच का? तर मी खरं सांगितलं असतं. आणि ते तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस. खरं सांगितलं असतं तर आपण रविवारी पायरीवर पोचलो असतो.

रात्र तशीच गेली. सकाळपर्यंत राग उतरला आणि मला उलट हलकं वाटायला लागलं. चोरी कसली, ज्याची वस्तू त्यानेच हातात ठेवली होती. माझ्यावर एवढा जीव लावणारं माणूस मला मिळालं, एवढंच मनात घोळत राहिलं. आणि त्याच भरात मी काल भुईगावला गेले, ती वाडी बघायला. दहा वर्षांत मी त्या वाटेने पाऊल टाकलं नव्हतं. बाबांच्या मयतीलासुद्धा समुद्राकडून वळसा घालून गेले होते. तू काय सोडलंस ते मी कधी बघितलंच नव्हतं. वाडी म्हणजे वाडी, चार केळी आणि दोन माड, मला काय नवीन, असं वाटायचं.

कुडाचं फाटक ढकलून आत गेले. कुणी दिसलं नाही. केळींच्या मधून पाटाच्या कडेने चालत गेले तर मागे विहीर. दगडी काठ, चार पायऱ्या, वर जांभळीची सावली. मी काठावर बसून आत वाकले. पाणी अगदी स्वस्थ होतं. चढत नव्हतं, उतरत नव्हतं. काल जिथे होतं तिथेच आज, आणि उद्याही तिथेच असणार. या पाण्याला कुणाला तिथी विचारावी लागत नाही. या पाण्यातून कुणी परत आलं नाही असं होत नाही. तुला कल्याणच्या धक्क्यावर जे सांगता आलं नव्हतं ते हे. तू केळी बघून आला नव्हतास, तू हे बघून आला होतास.

आणि हे तू एका शब्दावर देऊन टाकलंस, माझ्या खोट्या शब्दावर, आणि पुढची दहा वर्षं रोज संध्याकाळी नांगर टाकून खांदे उतरवत राहिलास. मला रडू आलं. तुझ्या मिस्सेला आलं होतं ते रडू वेगळं. हे वेगळं होतं. दहा वर्षं मला ज्याचं वाईट वाटत नव्हतं, ते सगळं तिथे एकदम वाटलं.

घरातून एक बाई कळशी घेऊन आली. माझ्यापेक्षा बरीच लहान, तिच्या कडेला पोर. मला बघून दचकली. म्हणाली, "कोन पायजे, मावशी?"

मी डोळे पुसले. काहीतरी सांगून निघून जाता आलं असतं. पण मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याला ही वाडी घ्यायची होती. मी खोटं बोलले म्हणून ती घ्यायची राहून गेली."

असं मी पहिल्यांदाच कुणापुढे बोलले.  मग तिने पोराला खाली ठेवलं, दोर सोडला आणि कळशी वर ओढून माझ्या ओंजळीवर धरली. म्हणाली, "पी, मावशी. लय गोड हाय."

मी प्याले. गोड होतं.